समुद्राकडे पाठ कशासाठी?

आमच्या महाविद्यालयात सहलीचा अर्ज करताना एक ओळ न विसरता लिहावी लागते : 'सहल समुद्रकिनारी जाणार नाही.' ती ओळ लिहून आपण खाली सही करतो, तेव्हा कार्यालयाच्या खिडकीतून येणारा वारा खारा असतो. रायगड जिल्ह्यातल्या मुलांनी समुद्र वगळून सहल काढायची म्हणजे पंढरपूरला जाऊन देऊळ तेवढे चुकवायचे, असा प्रकार आहे.

गंमत बाजूला ठेवू. ही ओळ कोणी उगाच घातलेली नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेल्या महाविद्यालयीन मुलामुलींपैकी दहाहून अधिक जण बुडाले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. त्या संध्याकाळी आमच्या घरी कोणी नीट जेवले नाही, हे मला आठवते. आणि त्यानंतर गुडघ्यापर्यंत पाण्यात जाण्याचीही मला बंदी झाली, हेही आठवते. ज्या पालकांनी आणि प्राध्यापकांनी तेव्हा 'समुद्र नको' म्हटले, त्यांच्या काळजीला मी नावे ठेवणार नाही. परंतु काळजी खरी असली म्हणजे तिच्यावरचा उपायही बरोबर असतो, असे नाही. ही ओळ आपल्याला वाचवीत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कसे बनले, ते सांगते.

गेल्या नाताळच्या सुटीत माझा मुंबईचा मावसभाऊ त्याच्या कचेरीतल्या मंडळींबरोबर थळला आला. 'कयाक' नावाच्या होडीतून उंदेरी-खांदेरीपर्यंत जाऊन यायचे, बरोबर वाटाड्या, असा दिवसभराचा कार्यक्रम होता. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. सीलची शिकार करण्यासाठी ते लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर कातडे ताणून ती बनवीत. आता ती प्लॅस्टिकची झाली आहे आणि ग्रीसच्या बेटांभोवती हौशी प्रवासी तिच्यातून दिवसच्या दिवस हिंडतात. पैसे मोजून स्वतःच वल्ही मारायची, हा प्रकार आमच्या आईला शेवटपर्यंत समजला नाही. एकजण ऐनवेळी गळाला म्हणून त्याच्या जागी माझी वर्णी लागली. एरवी तिथली फी आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्यातली नाही. आपल्याच किनाऱ्यावर, आपल्याच किल्ल्याकडे जाण्यासाठी मला मुंबईकराच्या रिकाम्या जागेची वाट पाहावी लागली. असो.

पहाटे सहाला पुळणीवर पोहोचले तो काय, होड्या ओळीने लावणारा मदतनीस म्हणजे आमच्याच वर्गातला, शेवटच्या बाकावर बसणारा मुलगा! त्याने मला पाहिले आणि तोंड फिरवले. मागाहून म्हणाला, "कॉलेजात सांगू नकोस." सुटीच्या दिवशी तो इथे रोजावर काम करतो. बरोबर राहणारी मोटरची होडी त्याच्या काकांची. हे मी त्याला विचारूनच लिहीत आहे. नाव घालू नकोस एवढेच तो म्हणाला.

पहिला पाऊण तास आम्ही पाण्यात गेलोच नाही. वल्हे कसे धरायचे, लाइफ जॅकेटचे पट्टे कसे आवळायचे, शिट्टी कुठे बांधलेली असते, हे सगळे वाळूवर झाले. मग कमरेइतक्या पाण्यात प्रत्येकाला होडी मुद्दाम उलटी करायला लावली. नाकातोंडात खारट पाणी गेले, आणि मी रडकुंडीला येऊन घरी जाते म्हणाले. वाटाड्याने शांतपणे पुन्हा उलटायला लावले. त्याचा नियम एकच होता : काही झाले तरी होडी सोडायची नाही, उलटी झालेली होडीही तरंगते, आणि लांबून माणसाच्या डोक्यापेक्षा होडी आधी दिसते. तिसऱ्या खेपेला मला रडू आले नाही.

निघण्यापूर्वी नाखवांनी, म्हणजे आमच्या मित्राच्या काकांनी, मला विचारले, "आज तिथी कोणती?" मला ठाऊक नव्हते. "षष्ठी. आता तिची पाऊणपट कर." सहा पाऊण साडेचार. म्हणजे साडेचाराच्या सुमारास भरती पूर्ण झाली, आता साडेदहा-अकरापर्यंत पाणी ओसरणार, आणि मग पुन्हा चढायला लागणार. जाताना ओहोटी, येताना भरती. "हे शिकवत नाहीत काय तुमच्या कॉलेजात?" त्यांनी विचारले. मी इतिहास घेऊन तिसऱ्या वर्षाला बसले आहे, भूगोल दुय्यम विषय. मी गप्प राहिले.

पाठीमागून मतलई वारा होता. खारे वारे आणि मतलई वारे ह्यांतला फरक सातवी-आठवीत आकृती काढून आपण सर्वांनी पाठ केला आहे. तो पाठीच्या कण्याला प्रथमच कळला. जमिनीवरून येणारा तो गार वारा होडीला अलगद पुढे लोटीत होता. उंदेरी किनाऱ्याला जवळ, खांदेरी तिच्या पलीकडे. उंदेरीची काळी तटबंदी पाण्यातूनच उगवल्यासारखी वर आलेली, आणि भोवती खडक. लाट त्यांच्यावर आली की आधी पांढरी होते, मग आवाज येतो. तिथे उतरण्याचा विचार नव्हताच. बेटाला वळसा घालून आम्ही दोन किल्ल्यांच्या मधल्या पाण्यात आलो.

नवाच्या सुमारास वारा पडला. मतलई थांबलेला, खारा सुटायचा होता. पाणी तेलासारखे सपाट झाले. आणि आम्ही मात्र चाललोच होतो, कारण आमच्या हातात वल्ही होती.

इथे मला आपल्या प्रश्नपत्रिकेतली टीप आठवली : 'खांदेरीची लढाई.' दहा गुणांची ही टीप मी दोनदा लिहिली आहे आणि दोन्ही वेळा आठ गुण मिळवले आहेत. १६७९ च्या ऑगस्टअखेर शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडाऱ्याने खांदेरीवर तट बांधायला घेतला. मुंबई बंदराच्या तोंडावरचे हे बेट मराठ्यांच्या हाती जाणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. त्यांनी नाकेबंदीसाठी जहाजे पाठवली, पुढे सिद्दीही आला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर हल्ला केला आणि त्यांचे 'डव्ह' नावाचे गुराब पकडले. 'रिव्हेंज' जहाजावरचा कॅप्टन केग्विन तेवढा नेटाने लढला. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी माघार घेतली. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली आणि सिद्दीने शेजारची उंदेरी तटबंद करून घेतली. झाले आठ गुण.

पण नाकेबंदी असताना बेटावर माणसे, दाणागोटा आणि दारूगोळा पोहोचत कसा होता? 'मराठ्यांच्या होड्या लहान व चपळ होत्या', असे आपण लिहितो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. त्या पडलेल्या वाऱ्यात बसून मला त्या वाक्याचा अर्थ लागला. इंग्रजांची मोठी जहाजे शिडांवर चालणारी आणि खोल बुडाची. वारा पडला की ओंडक्यासारखी जागच्या जागी, आणि खडकाळ उथळ पाण्यात शिरण्याची सोय नाही. मराठ्यांच्या होड्या उथळ बुडाच्या, वल्ह्यांच्या. रात्रीच्या अंधारात, कोणत्या तिथीला कुठल्या खडकावर किती पाणी असते हे ठाऊक असलेली माणसे त्या नागावकडून खांदेरीला नेत. मी अर्धा तास वल्हे मारले आणि तळहाताला फोड आले. ती माणसे भरलेली होडी घेऊन रात्रीत जाऊन परत येत असत, तीही मागे तोफा असताना. मायनाक आणि दौलतखान ही नावे आपल्याला पाठ आहेत. वल्ह्यावरच्या हातांना आपल्या टीपेत जागा नाही, आणि त्या हातांची विद्या ज्या घरांत अजून शिल्लक आहे, त्या घरातला मुलगा आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसतो आणि त्याच टीपेला तीन गुण मिळवतो.

खांदेरीला दोन टेकड्यांच्या मध्ये धक्का आहे, तिथे आम्ही उतरलो. १८६७ सालचे दीपगृह पाहिले. शिळारूप वेताळाला नाखवांनी नारळ फोडला. एका दगडावर खडा मारला की धातूसारखा नाद येतो, तो सर्वांनी आळीपाळीने वाजवून पाहिला; मुंबईच्या मंडळींचे त्यावरून मन निघेना. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत खांदेरी आहे. ती बातमी आली तेव्हा आपल्या वर्गात सरांनी विचारले होते, "खांदेरीवर कोण कोण गेले आहे?" तीन हात वर झाले होते. थळच्या मुलाचा हात तेव्हा खालीच होता. का, ते मला आता कळते.

परतायला उशीर झाला, तो त्या वाजणाऱ्या दगडापायी. वाटाड्या अकराला निघू म्हणत होता, निघालो साडेबाराला. तोवर खारा वारा सुटला होता आणि वायव्येकडून लाट येत होती. वारा घराकडेच नेणारा, म्हणून आम्ही खुशीत होतो. पण मागून तिरकी येणारी लाट होडीची मागची बाजू उचलते आणि तिला आडवी करते. उंदेरी मागे पडल्यावर आमची होडी अशीच आडवी झाली आणि पुढच्या लाटेने उलटली.

पाण्याखाली हिरवा अंधार होता. मी हात पसरले, होडी लागली, तिची दोरी धरली. वर आले तर भाऊ पलीकडच्या बाजूला खोकत होता, पण होडीला धरून होता. शिट्टी तोंडात धरली, परंतु वाजवता येईना, कारण श्वासच नव्हता. दुसऱ्या प्रयत्नाला वाजली. सर्वांत आधी आमच्यापाशी पोहोचला तो वर्गमित्र. त्याने होडी सुलटी केली, आपल्या वजनाने दाबून धरली आणि मला म्हणाला, "पाय मागे मार, पोट टेकव, चढ." एवढेच. सगळे मिळून तीन-चार मिनिटांचे काम. किनाऱ्यावर आल्यावर मात्र माझे पाय इतके कापू लागले की मला वाळूत बसावे लागले.

मुरूडच्या त्या मुलांची आठवण तेव्हा झाली. त्यांची काही चूक होती, असे म्हणणारी मी कोण? मला पोहता येत नाही. अंगातले जॅकेट, पहाटेचा तो पाऊण तास आणि शेजारी असलेली जाणती माणसे, ह्यांतले एकही नसते तर मी हे लिहायला नसते. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेली 'नीलकमल' ही प्रवासी बोट नौदलाच्या बोटीची धडक बसून बुडाली आणि १५ माणसे गेली. अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हते, असे वाचलेल्यांनीच सांगितले. घारापुरी आपल्याच जिल्ह्यात आहे. रेवस, मांडवा, राजपुरी, दिघी : आपले नोकरीचे, लग्नाचे, दवाखान्याचे रस्ते पाण्यावरून जातात. सहलीच्या अर्जातली ओळ ह्या रस्त्यांवर आपल्यासोबत येत नाही. शिवाय ती ओळ लिहून गेलेली मुले संध्याकाळी किनाऱ्यावर उतरतातच, फक्त सरांना न सांगता. हे मी सांगायला हवे असे नाही. प्राध्यापकवर्गही कधीकाळी विद्यार्थी होता.

कोणी म्हणेल, बाई, तू स्वतःच उलटलीस आणि आम्हांला पाण्यात ढकलतेस? होय, उलटले म्हणूनच म्हणते. उशीर केल्याची चूकही आमचीच, आणि तीसुद्धा शिकण्यासारखी आहे. जबाबदारी कोण घेणार, हा कार्यालयाचा प्रश्न खरा आहे आणि त्याला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. पण सुरुवात वाळूवर आणि कमरेइतक्या पाण्यात करायला काय हरकत आहे? पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तरंगायला यावे, जॅकेट बांधता यावे, तिथीवरून भरती सांगता यावी. शिकवायला थळ-नवगावची जाणती कोळी माणसे मानधन देऊन बोलवावीत, पाहुणे म्हणून हार घालून नव्हे, शिक्षक म्हणून. मुलींसाठी निराळी वेळ ठेवावी लागेल, नाहीतर निम्म्या घरांतून परवानगी मिळणार नाही. माझ्या घरातून तर नाहीच. आईला अजून मी उलटल्याचे सांगितलेले नाही. हा अंक घरी जाईल तेव्हा कळेलच.

ह्या मागणीचा अर्ज तयार आहे. त्यावर आजपर्यंत ४१ सह्या झाल्या आहेत. 'शिकवण्यास तयार' असा एक वेगळा रकाना आखला आहे. त्यात सध्या एकच सही आहे, शेवटच्या बाकावरची. वही माझ्याजवळ असते. मधल्या सुटीत मी ग्रंथालयाच्या पायरीवर बसते.