फक्त आजच्या दिवसापुरतं

ग्रीक शोकांतिका म्हटलं की आपल्याला आठवतो तो ईडिपस. सगळं आधीच ठरलेलं, माणूस काही का करेना! त्यामुळे या नाटकांतली माणसं शेवटपर्यंत जशीच्या तशी राहतात असा माझा समज होता. सोफोक्लीसचं ‘फिलॉक्टेटिस’ वाचलं आणि तो मोडला. इ.स.पू. ४०९ मध्ये या नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा म्हातारा ऐंशीच्या पुढे होता.

फिलॉक्टेटिसच्या पायाला साप चावला. जखमेचा वास आणि त्याचं ओरडणं सहन होईना म्हणून ट्रॉयला निघालेल्या ग्रीकांनी त्याला लेम्नॉस बेटावर टाकून दिलं. दहा वर्षांनी भविष्य कळतं की तो आणि त्याच्याकडचं हेराक्लीसचं धनुष्य यांच्याशिवाय ट्रॉय पडणार नाही. मग ओडिसियस येतो, सोबत अकिलीसचा पोरगा निओप्टोलेमस. स्वतः समोर गेला तर बाणच खाईल, म्हणून तो या पोराला पढवतो: खोटं बोल, विश्वास मिळव, धनुष्य घे. पोरगा म्हणतो, जबरदस्तीने नेऊ, पण फसवून नको. यावर ओडिसियसचं म्हणणं असं, की आजच्या दिवसापुरती लाज सोड, मग जन्मभर खुशाल सज्जन म्हणून मिरव.

इथे मी चपापलोच. ‘एवढी एक शीट जीटी मार, पुढच्या स्वतः काढ’ असं फर्स्ट इयरला सांगणारा आमचा सीनियर याच सुरात बोलला होता. (मी निओप्टोलेमसपेक्षा लवकर पटलो!)

पोरगा खोटं बोलतो, आणि चांगलं बोलतो. मग फिलॉक्टेटिसला वेदनेची कळ येते. तो विश्वासाने धनुष्य याच्याच हातात देतो आणि झोपी जातो. काम फत्ते! खलाशी म्हणतात, चला आता. पण याचा पाय निघत नाही. कुणी उपदेश केलेला नसतो, त्याने फक्त एका माणसाला जवळून तळमळताना पाहिलेलं असतं. तो सगळं कबूल करतो. गंमत म्हणजे, तरीही धनुष्य परत देत नाही. मला हाच भाग सगळ्यात खरा वाटतो. चूक कळल्यावरसुद्धा तिचा फायदा हातातून सुटायला आणखी बराच वेळ जातो. शेवटी तो परत येतो आणि ओडिसियस तलवारीला हात घालत असतानाही धनुष्य देऊन टाकतो. वर ट्रॉयची कीर्ती सोडून त्याला घरी पोचवायलाही तयार होतो.

कुणी म्हणेल, यात बदल कसला, पोरगा मुळातच सरळ होता. अ‍ॅरिस्टॉटलनेही नीतिशास्त्रावर लिहिताना, खोट्याचा त्रास झाला म्हणून शब्द मोडणाऱ्या या पोराचं कौतुक केलंय. पण मला हे पुरेसं वाटत नाही. सुरुवातीला तो ‘मी अकिलीसचा मुलगा’ म्हणून नाही म्हणत होता. तो प्रामाणिकपणा बापाच्या नावाचा होता, म्हणूनच कीर्तीचं आमिष दाखवल्यावर लगेच विरघळला. शेवटी त्याच्यासमोर बापाचं नाव नसतं, फिलॉक्टेटिस असतो.

मग हेराक्लीस देव म्हणून प्रकटतो आणि दोघांना ट्रॉयलाच पाठवतो. (हे जरा फसवल्यासारखं वाटतं.) जाता जाता बजावतो, शहर लुटताना देवांचा मान राखा. समोर बसलेल्या अथेन्सच्या लोकांना पुढची कथा तोंडपाठ होती. ट्रॉय पडल्यावर देवाच्या वेदीचा आसरा घेतलेल्या म्हाताऱ्या प्रायमला ठार मारणारा हाच निओप्टोलेमस.