नाव पारखावी बुडाकडून

मागल्या उन्हाळ्याच्या तोंडाला एके दिवशी सकाळीच भाच्याचा फोन आला. "मामा, नाव घ्यायची म्हणतोय. जुनीच, पण दोन पाहून ठेवल्यात. तुम्ही इंजिनातलं जाणता. एकदा नजर घालाल का?"

मी हडपसरचा. कालव्याचे पाणी, विहिरीवरचे ऑइल इंजिन आणि भाजीचा मळा, यात माझा जन्म गेला. नाव काही आमच्या दारात कधी आली नव्हती. पण भाच्याचे घर पळसदेवकडचे. हडपसरमागून वाहणारी मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि ते पाणी उजनीत जाऊन साठते. १९८० साली धरण पुरे झाले. त्या पाण्याखाली कितीतरी गावे गेली, त्यात जुने पळसदेवही गेले. माझी थोरली बहीण, आमची अक्का, त्या गावात नवी नवरी म्हणून उतरली होती. तिचे सासरचे घर आणि चिंचेखालचे शेत आज पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसनाथाचे देऊळ मात्र उघडे पडते. "एकदा तिथवर मला न्या रे," हे अक्काचे पालुपद. पोराने मनावर घेतले आणि नावेचा शोध सुरू झाला. घरची माणसे अकरा. सगळ्यांनी एकदमच जायचे, असा त्याचा बेत.

या नावेला पाँटून म्हणतात. दोन्ही तोंडे बंद केलेल्या दोन लांब नळ्या आणि त्यांवर बसवलेला सपाट मंच. धरणकाठचे शेतकरी पिंपांवर मोटर तरंगती ठेवतात ना, तोच प्रकार थोरला केलेला. दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात, पण ही नाव उभीच दोन नळ्यांवर! म्हणून त्या नळ्याच आधी बघायच्या.

पहिली नाव हडपसरलाच एका गोदामात होती. निळाभोर ताजा रंग, वर छत, गुबगुबीत बैठका आणि चाळीस अश्वशक्तीचे इंजिन. भाच्याची पोरे लगेच बैठकांवर जाऊन बसली. सूनबाई म्हणाल्या, "आत्यांना सावलीत बसता येईल." मालक म्हणाला, "सोळा माणसं खुशाल बसवा."

दुसरी नाव भिगवणच्या बाजूला काठावर ओढून ठेवलेली. अल्युमिनियमच्या नळ्या, त्यांना दोन-तीन पोचे, एके ठिकाणी ठिगळ. छत नाही. मंचाची एक फळी कुजकी. इंजिन पंधरा अश्वशक्तीचे. आणि किंमत पहिलीपेक्षा चाळीस हजारांनी जास्त! भाचा माझ्या तोंडाकडे बघू लागला.

मंडळी, आपण बैल घेतो तेव्हा झूल बघून घेत नाही. दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो. नावेचेही तसेच. जे पाण्याच्या वर असते ती झूल. तारते ते पाण्याखाली असते.

पहिल्या नावेचे एक टोक आम्ही जॅक लावून उचलले आणि कान लावला. डाव्या नळीत डुचमळल्याचा आवाज आला. बूच काढले तर बादलीभर तांबूस पाणी निघाले. मालक म्हणाला, "पावसाचं असेल." छपराखालच्या गोदामात, बुचाने बंद केलेल्या नळीत पाऊस कसा शिरला हे त्यालाच ठाऊक! मग सायकलच्या पंपाने नळीत हलक्या हाताने थोडी हवा भरली आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर साबणाचे पाणी सोडले. दोन ठिकाणी बुडबुडे आले. ताजा रंग त्यासाठीच चढवला होता. एक सांगून ठेवतो, ही परीक्षा टायरच्या कॉम्प्रेसरने करू नका. जास्त दाबाने नळी फुगते, फाटते आणि माणसाला इजा होते.

दुसऱ्या नावेच्या नळ्या कोरड्या निघाल्या. शिवाय प्रत्येक नळीच्या आत दोन पडद्या होत्या, म्हणजे एका नळीचे तीन कप्पे. एक कप्पा फुटला तरी बाकीचे दोन तारतात. पहिलीच्या नळ्या आतून सलग होत्या. एक भोक पडले की सगळी नळी भरणार आणि नाव त्या बाजूला कलंडणार.

आता सोळा माणसांचा हिशेब. दोन्ही नावांच्या नळ्या सारख्याच मापाच्या, सहा मीटर लांब आणि साठ सेंटिमीटर व्यासाच्या. त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले लांबी, हे शाळेतलेच गणित. एका नळीचे आकारमान सुमारे १.७ घनमीटर, दोन्हींचे ३.४. एवढे पाणी बाजूला सारले तर जवळजवळ ३,४०० किलो भार तरतो. पण तेव्हा नळ्या पुऱ्या बुडालेल्या असतात, आणि लाट आली की खेळ संपला. म्हणून नळ्या निम्म्याहून जास्त बुडू देऊ नयेत हा ठोकताळा. म्हणजे नावेसकट सारा भार १,७०० किलोच्या आत हवा.

मग नावेचे स्वतःचे वजन किती? ऊस घालणाऱ्याला हे शिकवायला नको. नाव गाड्यासकट वजनकाट्यावर नेली, नंतर मोकळा गाडा तोलला. नळीतले पाणी काढूनही पहिली नाव भरली १,३८० किलो. लोखंडी नळ्या, छत, बैठका आणि थोरले इंजिन यांनीच तो भार खाल्ला. उरले ३२० किलो. माणशी ७५ किलो धरले तर चार माणसे. कुठे सोळा आणि कुठे चार! दुसरी भरली ८९० किलो. उरले ८१०. दहा माणसांचे साडेसातशे, आणि राहिलेल्या साठ किलोंत इंधन, नांगर, दोर आणि तरणजाकिटे. चाळीस हजार कशाचे जास्त होते ते भाच्याला तिथेच कळले.

इंजिनाची परीक्षा आपल्याला परकी नाही. पंप कोरडा चालवत नाही, तसे हे इंजिनही कोरडे चालवायचे नाही. खालचा पाय पाण्याच्या पिंपात बुडवून सुरू करायचे आणि थंडाव्याच्या पाण्याची धार मागून नीट येते का बघायचे. पंख्याजवळच्या गिअरचे तेल थोडे काढून बघायचे. ते दुधाळ, चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले समजावे. पहिल्या नावेचे तसेच निघाले. दुसरीचे स्वच्छ होते. तिची कुजकी फळी स्क्रूड्रायव्हर टोचून कुठवर मऊ आहे ते पाहिले आणि तेवढी बदलून घेतली.

कागद विसरू नका. १९१७ सालचा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय जहाजांचा नवा कायदा झाला. इंजिनाच्या नावेला नोंदणी हवी, तपासणीचा दाखला हवा, विमा हवा. नाव घेतल्यावर नोंदणी आपल्या नावावर करून घ्या. धरणाच्या पाण्यात फिरण्याबद्दल जलसंपदा खात्याकडे आधी विचारा. तपासणी करणाऱ्याने माणसांचा आकडा लिहून दिला की तोच खरा. माझा हिशेब फक्त फसू नये म्हणून.

एवढी काटेकोरी कशाला, असे कुणी म्हणेल. २१ मे २०२४ ची संध्याकाळ आठवा. याच उजनीत कुगाव-कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात नाव उलटली आणि सहा जीव गेले. वैशाखातला वळीव सांगून येत नाही. सपाट नावेवर छत असले की वारा त्यात शिडासारखा भरतो. म्हणून छत नसल्याचे आम्हांला वाईट वाटले नाही. उन्हाला छत्री आहे, डोईवर पदर आहे.

नाव आली. पण माणसे अकरा आणि जागा दहांची, त्यात नाव चालवणारा धरून. भाचा हिरमुसला. "मामा, एकच माणूस जास्त. पोरं हलकी आहेत, बसतील दाटीवाटीनं." मी काही बोलायच्या आत अक्काच म्हणाली, "अरे, लग्नाच्या वऱ्हाडाला दोन गाड्या लागल्या तर कुणी लग्न मोडतं का? दोन खेपा कर."

दोन खेपा ठरल्या. पहिलीत सहा, दुसरीत पाच. म्हणजे जागा भरायचाही हट्ट नाही. सकाळी सहाला निघायचे, दहाच्या आत सगळे काठावर. चढण्याआधी प्रत्येकाच्या अंगात तरणजाकीट, त्याचे बंद आवळलेले. पोहता येणाऱ्याच्याही. पक्षी दिसले म्हणून फोटोला सगळ्यांनी एका बाजूला धावायचे नाही. देवळाजवळ पाण्याखाली जुन्या भिंती आणि दगड असतात, तिथे इंजिन बंद करून बांबूने रेटायचे.

पहिल्या खेपेला अक्का मधोमध बसली. देऊळ दिसल्यावर तिने हात जोडले. मग डावीकडे बोट दाखवून नातवंडांना म्हणाली, "तिथं आपली चिंच होती. त्याच्या पलीकडं घर." पोरे पाण्याकडे बघत राहिली. तिथे फक्त पाणी होते, पण त्या दिवसापासून त्यांना आपले घर कुठे होते ते ठाऊक आहे.

परत आल्यावर धाकटीने विचारले, "आजी, निळी नाव जास्त छान होती ना?"

अक्का म्हणाली, "होती गं. पण तुला घरी आणली ती हीच."