आधी स्पर्शपरीक्षा, मग तेल

वरोऱ्यात चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्यास औषधाबरोबर अनेक शंकांची उत्तरेही द्यावी लागतात. ‘महारोग आनुवंशिक असतो का?’, ‘आनंदवनात जाऊन आलो, हात मिळविला, तर लागेल का?’, ‘तो रोग संपल्याचे सरकारने जाहीर केले होते ना?’ असे हे प्रश्न आहेत. वरकरणी ते कुतूहलाचे वाटतात. परंतु कित्येकदा विचारणाऱ्याच्या बाहीखाली एखादा चट्टा दडलेला असतो.

उत्तरे अवघड नाहीत. कुष्ठरोग आनुवंशिक नाही. उपचार न घेतलेल्या सांसर्गिक रुग्णाच्या दीर्घ व निकट सहवासाने तो पसरतो. बहुसंख्य लोकांच्या ठायी त्याविरुद्ध निसर्गतःच प्रतिकारशक्ती असते. डिसेंबर २००५ अखेर देशात दर दहा हजार लोकसंख्येमागे रुग्णसंख्या एकाहून खाली आली, एवढाच त्या ‘निर्मूलना’चा अर्थ होता. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत नवे रुग्ण आजही आढळतात.

आपल्या संहितांत कुष्ठाच्या कारणांमध्ये पापकर्माचाही उल्लेख आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु हॅन्सन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू शोधल्यानंतर त्या उल्लेखाच्या आधारे रुग्णास दोषी ठरविणे वैद्यास शोभत नाही. त्याच संहितांत घेण्याजोगे पुष्कळ आहे. चरकांनी स्पर्शाचे ज्ञान नसणे हे कुष्ठाच्या पूर्वरूपांत गणले. सुश्रुतांनी कुष्ठास औपसर्गिक म्हटले आणि तुवरक तेल सांगितले. याच वर्गातील चौलमोगरा तेल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत जगभर वापरले जात होते.

एवढे पाठ असूनही आमच्याकडून चूक घडली. काही वर्षांपूर्वी एका तरुणाच्या हातावरील फिकट चट्टा श्वित्र समजून आम्ही बाकुची तेल दिले. तीन महिन्यांनी तो आला तेव्हा त्याची करंगळी वाकू लागली होती. मग आम्ही चट्ट्यावर कापूस फिरविला. त्यास तो कळला नाही. पुढे योग्य उपचार झाले, रोग बरा झाला. करंगळी मात्र पूर्ववत झाली नाही. पहिल्याच दिवशी हाती घ्यावयाचा कापूस आम्ही तीन महिने उशिरा घेतला.

म्हणून वैद्यबंधूंना व औषधी विक्रेत्यांना आमची आग्रहाची विनंती आहे. फिकट अथवा लालसर चट्टा दिसताच रुग्णास डोळे मिटावयास सांगून कापसाने स्पर्शपरीक्षा करावी आणि कोपराजवळची नस जाड झाली आहे का, हे चाचपून पाहावे. स्पर्श कळला तरी चट्टे अनेक असल्यास संशय सोडू नये. दुकानात चट्ट्यासाठी तेल वा मलम मागणाऱ्यास ‘तेथे स्पर्श कळतो का?’ एवढे अवश्य विचारावे. शंका येताच प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. तेथे सहा किंवा बारा महिन्यांचे बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतात.

असा रुग्ण दुसरीकडे पाठविणे म्हणजे शास्त्राचा पराभव, असे काही वैद्यमित्र मानतात. आम्हांस ते पटत नाही. पूर्वरूप ओळखणे हे आपल्याच शास्त्राचे शिकविणे आहे. बाबा आमटे यांनी १९५१ साली ज्या गावाजवळ आनंदवन उभारले, त्या गावातील वैद्याच्या हातून तरी चट्ट्याची परीक्षा राहून जाऊ नये.