कवी परीक्षेला, संपादक रद्दीत

पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासताना मागच्या सत्रात एका टीपेपाशी मी थांबले. टीप होती ‘हेमंत दिवटे’ या विषयावर, गुण पाच. विद्यार्थ्याने लिहिले होते : “हेमंत दिवटे हे नव्वदोत्तरी पिढीतील एक आश्वासक तरुण कवी असून ते ‘अभिधानंतर’चे संपादकही आहेत.” पुढे महानगर, जागतिकीकरण, चंगळवाद, संवेदनांचे बधिरीकरण अशी नेहमीची चार विधाने होती. मी पाचापैकी चार गुण दिले, पुढच्या उत्तराकडे वळले, आणि मग लाल पेन खाली ठेवले. कारण ते वाक्य माझेच होते. मी शिकवायला लागले त्या वर्षी वर्गात उतरवून दिलेले. माझ्या टिपणांच्या झेरॉक्स प्रती कुठून कुठे गेल्या असतील ते मलाही सांगता येणार नाही; एवढे खरे की ते वाक्य सुखरूप परत आले होते.

त्या एका वाक्यात तीन दोष आहेत. दिवटे यांचा जन्म १९६७चा. म्हणजे आज साठीला टेकलेल्या माणसाला आपण ‘तरुण कवी’ म्हणतो आहोत. दुसरा दोष ‘आहेत’ या क्रियापदाचा. ‘अभिधानंतर’ सुमारे पंधरा वर्षे चालले आणि ते थांबले त्यालाही आता बराच काळ लोटला. हे दोन दोष तपशिलाचे आहेत, दुरुस्त करता येतील. तिसरा दोष मात्र एका अव्ययात लपलेला आहे, आणि माझे भांडण त्याच्याशी आहे. ‘संपादकही’ यातला तो ‘ही’.

कवी तर आहेतच, शिवाय संपादकही आहेत. जणू कुणी कवी आहे आणि फावल्या वेळात बागकामही करतो! आपल्या वाङ्मयेतिहासांत, विद्यापीठीय ग्रंथांत, परिचयपर लेखांत आणि (आधी स्वतःचेच नाव घेऊन म्हणते) आपल्या वर्गातल्या व्याख्यानांत संपादनाची जागा या ‘ही’पुरती उरली आहे. माझे म्हणणे असे, की मराठीतील साठोत्तरी आणि नव्वदोत्तरी कवितेच्या बाबतीत हा ‘ही’ केवळ अपुरा नाही, तो खोटा आहे. या कवींचे संपादन ही त्यांच्या चरित्रातली तळटीप नव्हे. तीच त्यांची समीक्षा आहे, आणि तिच्यावाचून त्यांची कविता आपण अर्धीच वाचतो.

आधी ‘आश्वासक तरुण’ या जोडविशेषणाचे पाहू. आश्वासन कोणी कोणाला दिले? कवीने समीक्षकाला असे कोणतेही आश्वासन दिलेले नसते. ‘आश्वासक’ हा शब्द वाचन पुढे ढकलण्याची सभ्य सोय आहे. कवी अजून घडतो आहे, तेव्हा त्याच्याविषयी निश्चित काही बोलण्याची जबाबदारी आपल्यावर नाही, एवढाच त्याचा अर्थ. गंमत अशी, की दिवटे यांनी स्वतः ही सोय ठेवलेली नव्हती. २००१ साली आलेल्या त्यांच्या संग्रहाचे नावच ‘चौतिशीपर्यंतच्या कविता’. कवीने आपल्या तारुण्याच्या हिशेबाची रेघ मुखपृष्ठावरच मारून ठेवली. २००६ साली ‘थांबताच येत नाही’ आला. कवीला थांबता आले नाही. आम्ही मात्र त्या रेघेपाशीच थांबलो. मराठी समीक्षेत कवीला दोनच वये असतात, ‘आश्वासक’ आणि ‘ज्येष्ठ’. पहिल्यात त्याला शाबासकी मिळते, दुसऱ्यात शाल. मधल्या पंचवीस-तीस वर्षांत तो प्रत्यक्ष लिहीत असतो, आणि त्या काळाला आपल्याकडे विशेषणच नाही.

आता संपादनाकडे येते. १९५४ साली ‘शब्द’ निघाले तेव्हा दिलीप चित्रे सोळा वर्षांचे होते. अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ हे त्यांचे सोबती. सायक्लोस्टाइल केलेला तो अंक मूठभर वाचकांपलीकडे गेला नसेल. पण ज्या मूठभरांकडे गेला त्यांतून मराठी कवितेचे पुढचे अर्धशतक निघाले. १९६३ साली अशोक शहाणे यांनी ‘असो’ काढले. त्याच शहाण्यांच्या ‘प्रास’ने १९७७ साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ आणि २००३ साली ‘भिजकी वही’ प्रसिद्ध केली. पुढे या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा विद्यापीठांना एकाएकी जाग आली. राजा ढाले, सतीश काळसेकर यांची नावे घ्यावीत तर तिथेही तेच : कविता आणि अनियतकालिक यांची वीण उसवून वेगळी करता येत नाही. आपण या कवींच्या प्रतिमा शिकवतो, प्रतीके शिकवतो, ‘बंडखोरी’ नावाचा एक परिच्छेद पाठ करून घेतो. पण या कविता सर्वप्रथम कोणी वाचल्या, कोणाच्या कवितेशेजारी त्या छापल्या गेल्या, कोणत्या कविता परत पाठवल्या गेल्या, हे आपण विचारत नाही. कवितेचा पहिला समीक्षक प्राध्यापक नसतो. तो टपालाने आलेली पाकिटे फोडणारा, मुद्रिते तपासणारा, छापखान्याचे बिल चुकते करणारा आणि अंकांवर पत्ते लिहिणारा कोणीतरी दुसरा कवी असतो.

‘अभिधानंतर’चे उदाहरण म्हणूनच महत्त्वाचे. ‘अभिधा’ या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे ‘अभिधानंतर’ झालेल्या या अंकांच्या भोवती मन्या जोशी, वर्जेश सोलंकी, संजीव खांडेकर यांसारखे कवी दिसू लागले. १९९१नंतर बदललेली बाजारपेठ, उपग्रह वाहिन्या, उपनगरी लोकल, मोबाइल, कर्जाचे हप्ते हे सारे कवितेत शिरले आणि सोबत इंग्रजी शब्दांचा लोंढा घेऊन आले. त्या वेळी आक्षेप घेण्यात आपले मराठी विभाग आघाडीवर होते. ‘ही मराठी आहे का?’ असे एका चर्चासत्रात मीही विचारले होते आणि टाळ्या मिळवल्या होत्या. १९४७ साली ‘काही कविता’ आल्यावर मर्ढेकरांच्या शब्दकळेवर आपल्याच पूर्वसुरींनी नाके मुरडली होती, हे त्या दिवशी मला आठवले नाही.

इथे संपादकाचे काम काय, ते नीट पाहायला हवे. एखाद्याच कवीच्या एखाद्याच कवितेत ‘लाइफ’, ‘रूम’, ‘व्हायरस’ असे शब्द आले तर तो त्या कवीचा हट्ट किंवा आळस वाटू शकतो. तेच शब्द एकाच अंकात पाच-सहा कवींच्या कवितांत, वेगवेगळ्या स्वरांत, वेगवेगळ्या वस्त्यांतून येऊन शेजारी शेजारी बसले की प्रश्नाचे रूपच बदलते. मग दिसतो तो कवीचा दोष नव्हे, तर भाषेत घडत असलेला बदल. ‘ज्याम मजा’ आणि ‘सर्च इंजिन’ ही संग्रहांची नावे सुटी वाचली तर चमत्कृती वाटतील. शेजारी ठेवली तर एका काळाची साक्ष देतील. हे शेजार घडवणे म्हणजे संपादन. आपण निवडक संग्रहात त्यातली एक कविता उपटून आणतो, तिच्याखाली शब्दार्थ देतो, आणि मग ही कविता ‘दुर्बोध’ किंवा ‘भाषेच्या दृष्टीने सैल’ आहे असा शेरा मारतो. झाड उपटून आणायचे आणि ते सुकले म्हणून त्यालाच दोष द्यायचा, अशी ही पद्धत आहे.

आणखी एक धागा सांगते, कारण तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला दिसलेला नाही. दिवटे यांच्या कवितांचा ‘व्हायरस अ‍ॅलर्ट’ हा इंग्रजी अनुवाद दिलीप चित्रे यांनी केला. आणि चित्रे यांच्या निवडक इंग्रजी कवितांचे ‘अ‍ॅज इज, व्हेअर इज’ हे पुस्तक दिवटे यांच्याच ‘पोएट्रीवाला’ने प्रकाशित केले. म्हणजे ‘शब्द’च्या संपादकाने ‘अभिधानंतर’च्या संपादकाचा अनुवाद केला आणि ‘अभिधानंतर’च्या संपादकाने ‘शब्द’च्या संपादकाचे पुस्तक काढले. २००९च्या डिसेंबरात चित्रे गेले. साठोत्तरी आणि नव्वदोत्तरी या आपण अभ्यासक्रमात दोन वेगळ्या घटकांत कोंबलेल्या पिढ्या प्रत्यक्षात अशा एकमेकींच्या हाती हात देत होत्या. ‘पोएट्रीवाला’नेच २००५ साली सचिन केतकर यांनी संपादित व अनुवादित केलेला ‘लाइव्ह अपडेट’ हा नव्या मराठी कवितेचा इंग्रजी संग्रह काढला. ही परंपरा ‘ही’ या एका अव्ययात मावते का?

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. मी स्वतः ते घेतलेले आहेत. पहिला आक्षेप कंपूचा. आपल्याच मित्रांना छापायचे, आपल्याच मित्रांकडून गौरव करून घ्यायचा, आणि त्याला चळवळ म्हणायचे. आक्षेप निराधार नाही. पण ‘शब्द’ म्हणजे तरी काय, तीन मित्रच. कंपू असणे हा गुन्हा नव्हे. कंपूने काय नाकारले आणि काय स्वीकारले ते तपासणे हे आपले काम, आणि ते आपण केलेले नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला व्यक्तिशः बोचतो. अनियतकालिकांचा आपण जो इतिहास सांगतो तो जवळजवळ सगळा पुरुषांचा आहे. बायका तिथे नव्हत्या, की होत्या आणि मोजल्या गेल्या नाहीत? कोणाच्या कविता छापल्या गेल्या, कोणाच्या परत गेल्या? या प्रश्नाचे उत्तर मतांनी मिळणार नाही, अंकांच्या अनुक्रमणिकांतूनच मिळेल. तिसरा आक्षेप असा, की संपादकत्वाने कवीला सत्ता मिळते आणि त्या सत्तेने त्याची कविता मोठी भासते. शक्य आहे. मग ती सत्ता तपासा. ती ‘ही’मध्ये दडवल्याने ती नाहीशी होत नाही, उलट अधिक सुरक्षित होते.

म्हणजे बाजू घ्या किंवा विरोध करा, दोन्हींसाठी अंक हवेत. आणि अंक कुठे आहेत?

काही वर्षांपूर्वी मी ज्या महाविद्यालयात होते तिथल्या ग्रंथालय समितीवर माझी नेमणूक होती. जागा कमी पडत होती म्हणून निर्लेखनाची यादी आली. ग्रंथपाल म्हणाले, “मॅडम, हे अंक फुटकळ आहेत. वर्ष पुरे होत नाही, त्यामुळे बाइंडिंग करता येत नाही. दाखल नोंदवहीतही सगळे नाहीत.” नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. मी यादीवर सही केली. गठ्ठे बांधले जात असताना पाहिले तर त्यात छोट्या नियतकालिकांचे बरेच अंक होते, ‘अभिधानंतर’चेही दोन. ते वजनावर गेले. मी हात पुढे करून दोन अंक उचलले असते तर कोणी अडवले नसते. पण मला वर्ग होता.

त्याच सुमारास मी ‘नव्वदोत्तरी मराठी कविता : एक चिंतन’ अशा शीर्षकाचा शोधनिबंध लिहिला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमावलीने गुणांकन आणले होते आणि त्यासाठी तो हवा होता. एका आयएसएसएन क्रमांकवाल्या नियतकालिकाला पैसे भरून तो छापून आणला. गुण मिळाले. त्या निबंधासाठी मी एकही मूळ अंक उघडला नव्हता. तिघा-चौघांच्या लेखांतून तो शिवला होता. पुढे २०१९ साली ‘केअर’ यादी आली, २०२५ साली ती गेलीही. या साऱ्या काळात ज्या अनियतकालिकांनी पैसे न घेता, केवळ मजकूर वाचून कविता आणि लेख छापले त्यांना शून्य गुण होते, आणि कोणी न वाचलेल्या माझ्या निबंधाला गुण होते. वाङ्मयाच्या शिक्षकांनी यापेक्षा मोठा उलटा न्याय सहन केल्याचे मला ठाऊक नाही. सहन केला म्हणणेही खोटेच. आम्ही त्याचा लाभ घेतला.

तेव्हा मागणी साधी आहे. कवीचे ‘जीवन आणि वाङ्मय’ हा शोधप्रबंधाचा साचा काही वर्षे बंद ठेवावा आणि त्याऐवजी विद्यार्थ्यांना एकेका नियतकालिकाची सूची करायला द्यावी : कोण, कोणासोबत, कोणत्या अंकात. प्रत्येक मराठी विभागाने आपल्या परिसरातले निदान एक नियतकालिक जतन करण्याची जबाबदारी घ्यावी. सावंतवाडीच्या बाजूला प्रवीण बांदेकरांचे ‘नवाक्षर दर्शन’ आहे. पुणे परिसरासाठी मंगेश नारायणराव काळे यांचे ‘खेळ’ आहे. दोघेही कवी आणि दोघेही संपादक. इथेही मी ‘ही’ कटाक्षाने टाळते आहे. प्रश्नपत्रिकेत ‘टीप लिहा’ऐवजी एखाद्या अंकाची अनुक्रमणिका द्यावी आणि विचारावे, की या क्रमातून संपादकाची काव्यदृष्टी कशी दिसते. विद्यार्थ्याला माझे वाक्य मग उपयोगी पडणार नाही, हा मोठाच फायदा.

हे आज करायचे, कारण उशीर झाला आहे. सायक्लोस्टाइल कागद तुकडे होऊन गळतात. आणि आजचा पंचविशीतला कवी-संपादक अंक काढतो तो बहुधा पडद्यावरच. तो रद्दीतसुद्धा जाणार नाही, कुणाच्या लक्षात न येता नुसता नाहीसा होईल. वीस वर्षांनी त्याच्याविषयीही कोणीतरी ‘आश्वासक तरुण कवी असून संपादकही आहेत’ असे लिहील आणि कोणीतरी पाचापैकी चार गुण देईल.

त्या उत्तरपत्रिकेतले चार गुण मी बदलले नाहीत. विद्यार्थ्याने जे शिकवले ते लिहिले होते. येत्या सत्रात मात्र ते वाक्य मी वर्गात रद्द करणार आहे, ते कोणी आणि का लिहिले होते हे सांगून. त्यासाठी मला मूळ अंक हवे आहेत. ज्या वाचकांकडे, ज्यांच्या महाविद्यालयांच्या कपाटांत किंवा माळ्यांवर ‘अभिधा’, ‘अभिधानंतर’ किंवा त्या काळातील कोणत्याही छोट्या नियतकालिकाचे अंक असतील, त्यांनी आधी त्यांच्या अनुक्रमणिका उतरवून काढाव्यात, आणि निर्लेखनाची यादी समोर आली तर सही करण्यापूर्वी एकदा गठ्ठा उघडून पाहावा.