उत्तर गुगलवर, आंबा रत्नागिरीत

मार्च उजाडला की पुण्या-मुंबईच्या घरांतून गुगलवर ठरावीक प्रश्न विचारले जाऊ लागतात. अस्सल हापूस कसा ओळखायचा? कार्बाइडने पिकवलेला आंबा कसा कळतो? वरून पिवळाधमक दिसणारा आंबा कापल्यावर आतून पांढरट आणि स्पंजासारखा का निघतो? गेल्या काही वर्षांत रत्नागिरीतल्या अनेक बागायतदारांनी या प्रश्नांची उत्तरे आपल्या वेबसाइटवर लिहून ठेवली. त्यामागे साधा हिशेब होता. उत्तर वाचायला आलेल्यांपैकी एखादा तिथेच पेटीची मागणी नोंदवतो. वाशीला माल पाठवून दलालाची पट्टी काय येते याची वाट पाहण्यापेक्षा हा रस्ता बरा, असे अनेकांना वाटले.

या रस्त्याच्या तोंडाशीच आता गुगलचे तयार उत्तर उभे आहे. प्रश्न टाइप केला की वेबसाइटच्या यादीच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला चार-सहा ओळींचा सारांश येतो. ‘एआय ओव्हरव्ह्यू’ नावाची ही सोय मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात, आधी इंग्रजी आणि हिंदीत, सुरू झाली. पुढे ती मराठीतही आली. २०२५ मध्ये गप्पा मारल्यासारखे एकामागून एक प्रश्न विचारता येतील असा ‘एआय मोड’ही भारतात आला. जुलै २०२५ मध्ये गुगलने सांगितले की, असे सारांश पाहणाऱ्यांची संख्या जगभरात महिन्याला दोनशे कोटींवर गेली आहे.

जुने गुगल एसटी स्टँडवरच्या चौकशी खिडकीसारखे होते. गाडी कोणत्या फलाटावर लागते ते सांगायचे, प्रवास ज्याचा त्याने करायचा. त्यासाठी गुगलचे प्रोग्रॅम इंटरनेटवरची पाने वाचत फिरतात, त्यांची सूची करतात आणि प्रश्न आला की कोणते पान वर दाखवायचे हे ठरवतात. आपले पान वर यावे म्हणून मजकुराची, शीर्षकाची आणि वेगाची जी मशागत केली जाते, तिला एसईओ म्हणतात. हा एक व्यवसायच झाला आहे आणि रत्नागिरीतले बागायतदार, होमस्टेचालकही त्यावर पैसे खर्च करतात. नव्या पद्धतीत एका प्रश्नाचे अनेक उपप्रश्न केले जातात, त्यांच्यासाठी सापडलेल्या पानांतला मजकूर भाषेच्या मॉडेलला दिला जातो आणि ते त्यातून सलग उत्तर लिहिते. खिडकीतल्या माणसानेच गावाचे साग्रसंगीत वर्णन केले, तर गाडीत बसणारे कमी होणारच.

किती कमी? अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मध्ये ९०० प्रौढांच्या ब्राउझरमधली नोंद तपासली. सारांश नसताना लोकांनी १५ टक्के वेळा यादीतल्या एखाद्या दुव्यावर क्लिक केले. सारांश असताना हे प्रमाण ८ टक्क्यांवर आले. सारांशात आधार म्हणून दिलेल्या दुव्यांवर तर जेमतेम १ टक्का वेळा कोणी गेले. हे अमेरिकेतले आकडे आहेत, ते जसेच्या तसे कोकणाला लावता येणार नाहीत. गुगललाही हे निष्कर्ष मान्य नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने म्हटले की, शोधातून वेबसाइटकडे जाणाऱ्या एकूण क्लिकची संख्या वर्षभरात साधारण स्थिर आहे आणि जे क्लिक येतात ते अधिक दर्जेदार आहेत. मात्र या दाव्यामागची सविस्तर आकडेवारी कंपनीने दिली नाही. शिवाय एकूण बेरीज स्थिर राहूनही एखाद्या लहान वेबसाइटचे गिऱ्हाईक निम्म्यावर येऊ शकते. बेरजेत ते दिसत नाही.

नुकसान सगळीकडे सारखे नाही. ज्याला बागेचे नाव ठाऊक आहे आणि पेटीच मागवायची आहे, तो सारांश वाचून थांबत नाही, वेबसाइट उघडतोच. गणपतीपुळ्यात खोली शोधणारा फोटो, दर आणि नकाशा पाहणार. फटका बसतो तो माहिती देणाऱ्या पानांना, म्हणजे अनोळखी गिऱ्हाइकाशी पहिली ओळख करून देणाऱ्या पानांना. जुने गिऱ्हाईक टिकते, नवे येणे मंदावते. एखाद-दुसऱ्या हंगामात हे लक्षातही येणार नाही.

एवढ्यावर हा केवळ व्यापाराचा प्रश्न राहिला असता. पण आंब्याचेच उदाहरण घेतले तर त्यातली आरोग्याची आणि विज्ञानाची बाजू समोर येते.

कार्बाइडचा आंबा ओळखण्याची एक युक्ती इंटरनेटवर असंख्य ठिकाणी आढळते: आंबा पाण्यात टाका, बुडला तर नैसर्गिक, तरंगला तर कार्बाइडचा. प्रत्यक्षात बुडणे-तरंगणे हे फळाच्या घनतेवर अवलंबून असते. पुरता तयार झालेला हापूस पाण्यापेक्षा थोडा जड असतो म्हणून बुडतो. कोवळा काढलेला आंबा हलका असतो आणि तरंगतो. कोवळी फळे लवकर पिवळी करण्यासाठी कार्बाइड वापरले जाते, म्हणून या दोन गोष्टींचा दूरचा संबंध आहे, इतकेच. तयार फळाला कार्बाइड लावले तरी ते बुडेल आणि गिऱ्हाईक निर्धास्त होईल. कार्बाइडवर बंदी आहे ती त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात म्हणून. पाण्याच्या बादलीत ते दिसत नाहीत. पिकवण्यासाठी इथिलीन वायूला मात्र १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे, हा फरकही अनेकांना ठाऊक नसतो.

अढी लावणाऱ्या माणसाला हे सगळे हाताच्या अंदाजाने माहीत असते. पण सारांश करणाऱ्या यंत्राने अढी पाहिलेली नसते. त्याच्यापुढे पाने असतात, आणि एकच चूक शंभर पानांवर असेल, तर ती उत्तरात उतरण्याची शक्यता मोठी. बरोबर माहिती लिहिणारे पान एखादेच असते आणि ते बहुधा कोणा बागायतदाराचे किंवा कृषी विद्यापीठाचे असते. मराठी मजकूर इंटरनेटवर मुळातच थोडा, त्यामुळे असे एक पान बंद पडले तरी उणीव मोठी होते.

आतून पांढरा निघणाऱ्या आंब्याचेही तसेच. कोकणात याला साका म्हणतात. बाहेरून फळ निर्दोष दिसते, कापल्याशिवाय कळत नाही. फळ झाडावर असतानाच आतली कोय रुजण्याच्या तयारीला लागते, हे त्याचे एक कारण बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अभ्यासातून पुढे आले. फार पिकू न देता योग्य तयारीला फळ काढणे, काढलेला आंबा उन्हात किंवा तापलेल्या कातळावर न ठेवणे, झाडाखाली गवताचे आच्छादन करणे, असे उपाय सांगितले जातात. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मुद्दा एवढाच की साका ही भेसळ नाही आणि औषधाचा परिणामही नाही. चार ओळींच्या सारांशात हा खुलासा टिकेल की नाही, हे त्या दिवशी यंत्राने कोणती पाने उचलली यावर ठरते.

आंब्याच्या बाबतीत चुकीचे उत्तर फार तर पेटीच्या पैशांना भोवते. आजाराच्या बाबतीत तसे नसते. जानेवारी २०२६ मध्ये ब्रिटनच्या ‘द गार्डियन’ने आरोग्यविषयक सारांश तज्ज्ञांना दाखवले. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांनी स्निग्ध पदार्थ टाळावेत, असे एका सारांशात होते. तज्ज्ञांच्या मते सल्ला नेमका याच्या उलट द्यायला हवा, कारण या रुग्णांचे वजन टिकणे महत्त्वाचे असते. यकृताच्या रक्तचाचण्यांबद्दलचे काही सारांश त्यानंतर गुगलने काढून टाकले. पूर्वीच्या यादीत निदान कोणते पान रुग्णालयाचे आणि कोणते औषध विकणाऱ्याचे, हे नावावरून कळे. सारांशात सगळ्यांचा आवाज एकच होतो.

आपला मजकूर सारांशासाठी वापरू नका, असे बागायतदार गुगलला सांगू शकतो का? शकतो, पण त्याची किंमत मोठी आहे. एआय मॉडेलच्या प्रशिक्षणाला नकार देण्यासाठी ‘गुगल-एक्स्टेंडेड’ ही वेगळी खूण आहे, मात्र ती शोधातल्या सारांशाला लागू होत नाही. सारांशातून बाहेर पडण्यासाठी पानावर ‘नोस्निपेट’ची सूचना द्यावी लागते. ती दिली की नेहमीच्या यादीतही पानाच्या नावाखालच्या दोन ओळी गायब होतात, आणि नुसत्या नावावर कोण क्लिक करणार? आंबा फुकट चाखू द्यायचा नसेल तर दुकानाची पाटीही उतरवा, असा हा प्रकार आहे.

मोठ्या माध्यमसंस्था यावर न्यायालयात गेल्या आहेत. अमेरिकेत ‘पेन्स्की मीडिया’ने सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलवर दावा लावला. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने गुगल प्रकाशकांचा मजकूर कसा वापरते याची औपचारिक चौकशी सुरू केली. भारतात वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्येच गुगलच्या चौकशीचा आदेश दिला होता, पण तो जाहिरातींच्या उत्पन्नाबद्दलचा आणि एआय सारांशाच्या आधीचा. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने एआय कंपन्यांनी मजकुराच्या वापराबद्दल मानधन द्यावे, असा प्रस्ताव मांडला. त्यातला भर मॉडेलच्या प्रशिक्षणावर आहे. दोन पानी वेबसाइट चालवणाऱ्या पावस-नेवऱ्याच्या बागायतदारापर्यंत त्यातले काय पोचेल, याचे उत्तर त्या प्रस्तावात सापडत नाही.

तोवर ज्याला जमेल तो गिऱ्हाइकाशी थेट धागा जोडतो आहे. गेल्या हंगामातल्या लोकांची व्हॉट्सअॅप यादी, पेटीत टाकलेली बागेच्या नावाची चिठ्ठी, पणन मंडळाच्या आंबा महोत्सवातला गाळा. २०१८ मध्ये मिळालेले हापूसचे भौगोलिक मानांकनही इथे उपयोगी पडते, कारण कर्नाटकातल्या आंब्यापासून वेगळेपण सिद्ध करायला तो सरकारी कागद आहे. एसईओचे सल्लागार आता ‘सारांशात आपले नाव कसे येईल’ याचे नवे पॅकेज विकू लागले आहेत. सारांशातल्या दुव्यावर जाणारे १ टक्का, हा आकडा पॅकेज घेण्यापूर्वी त्यांना विचारून पाहावा.

आणि लिहिण्याचे काम थांबवून चालत नाही. मोहोर उशिरा आला, अवेळी पाऊस पडला, तुडतुडा वाढला, की दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा सल्ला बदलतो, आंबा बाजारात येण्याची वेळही बदलते. यंदा पहिली पेटी कधी निघेल हे मागच्या वर्षीच्या पानावरून कोणत्याही यंत्राला सांगता येत नाही. ते कोणीतरी बागेत जाऊन, फळ हातात घेऊन नव्याने लिहावे लागते.