सारा भरताना रयत, मत देताना परके

वऱ्हाडातल्या मुसलमानाला अधूनमधून ऐकवले जाते, "इथे तुमच्या निजामाचे राज्य होते." ऐकणारा कधी चिडतो, तर कधी मनातून सुखावतो. माझे म्हणणे असे की, बोलणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने, दोघांनीही यवतमाळच्या शेतसाऱ्याचा हिशेब एकदा पाहावा.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिले. कारण होते हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची थकबाकी. फौज नावाला निजामाची, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा आणि पगार वणी, दारव्हा, पुसदच्या कुणब्याच्या साऱ्यातून! पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन आणि मीर महबूब अली खान यांनी करार केला. वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले, आणि १९०३ मध्ये ते मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले. शेत भाड्याने द्यावे तसा हा व्यवहार झाला. शेतात राबणाऱ्या हिंदूला कुणी विचारले नाही, तसे मुसलमानालाही नाही. निजाम आपल्या धर्माचा म्हणून एखाद्या पिंजाऱ्याचा किंवा मुसलमान शेतकऱ्याचा सारा माफ झाला नव्हता.

खरी गंमत पुढे आहे. १९१९ च्या सुधारणांनी कायदेमंडळे आली. पण वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरचे. त्यामुळे दिल्लीच्या विधानसभेसाठी इथल्या मतदारांनी निवडलेला माणूस कायद्याने निवडून आलेला ठरत नसे. निवडणुकीनंतर सरकार त्याची नेमणूक करी. सारा घेताना आम्ही इंग्रजांची रयत आणि मत देताना परके.

मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, हे अनेकजण आपल्या समाजाची कमाई म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. मताचा हक्क जमीन, सारा, मालमत्ता यांवर ठरत होता. यादी वेगळी झाली, तरी त्या यादीत मोमीन विणकर किंवा सालदार कुठून येणार? धर्माच्या नावाने दिलेला हक्क समाजातल्या मूठभर पैसेवाल्यांपाशीच थांबला.

ज्याला मत नव्हते त्याच्याकडे विळा होता. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला. वणीला जन्मलेले अणे केंद्रीय विधानसभेत जाऊन आलेले होते. सभागृहात बोलून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होते. गुजरातच्या किनाऱ्यावर जे मीठ, तेच आपल्याकडे गवत. गावाची गुरे पिढ्यान्‌पिढ्या जिथे चरली, तिथेच चराईचे पैसे आणि परवाना मागणारे सरकार गावाने निवडलेले नव्हते, हे गाऱ्हाणे होते. भुकेल्या गुराला मालकाचा धर्म माहीत नसतो.

इंग्रज गेले, सर्वांना मत मिळाले. मग हे उगाळायचे कशाला? कारण सवय जात नाही. ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या आणि २०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा व जिल्हा परिषदा काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. त्या काळात घरपट्टी थांबली नाही, पाणीपट्टीही थांबली नाही. थांबला तो फक्त निवडून दिलेला माणूस. मोहल्ल्यात नाली तुंबली तर गाऱ्हाणे कुणाच्या दारात न्यायचे? प्रशासक चांगला असेलही. पण तो आपल्याला उत्तर द्यायला बांधलेला नसतो. आणि आपण यावर मोर्चा काढला का? धर्माच्या पोस्टवरून मात्र एका तासात गर्दी जमते.

मत देण्याइतकीच करपावती वाचणेही नागरिकाची जबाबदारी आहे. दिलेल्या पैशाचा हिशेब मागणारा आणि मागता येईल असा प्रतिनिधी असणारा, तोच नागरिक. बाकी सगळी रयत. निजामाच्या काळात कुणाची शान होती यावर भांडण्यापेक्षा, यंदाची पाणीपट्टी कुठे खर्च झाली हे शेजारच्या हिंदू भावाला सोबत घेऊन विचारायला जाणे मला अधिक मोलाचे वाटते.