विद्वत्तेचे वजन

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात हर्नडन नावाचे गाव आहे. तेथे स्थायिक झालेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे पत्र नुकतेच आले. त्याची मुलगी भाषाशास्त्र शिकते व पुढे मराठीवर संशोधन करू इच्छिते. तो लिहितो, "गुरुजी, ज्याच्या निबंधांचे दाखले इतर जण जास्त देतात तोच मोठा विद्वान, असे मुलीला सांगण्यात आले आहे. हे खरे मानावे काय?"

प्रश्न एका घरचा असला, तरी तो आपणा सर्वांच्या विचाराचा आहे.

कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी कोणी केला, हे दाखवणारी विज्ञानविषयक सूची युजीन गारफील्ड यांनी फिलाडेल्फिया येथे १९६४ साली प्रसिद्ध केली. एखादा विचार कोठून कोठे गेला याचा माग काढता यावा, हा तिचा मूळ हेतू होता. पुढे तिच्यावरून माणसेच तोलली जाऊ लागली. २००५ साली हिर्श नावाच्या पदार्थशास्त्रज्ञाने एकच आकडा काढण्याची रीत सांगितली. दहा निबंधांचा प्रत्येकी निदान दहा वेळा उल्लेख झाला असेल, तर लेखकाचा आकडा दहा.

ही मोजणी अगदीच निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणणार नाही. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावी मराठी, कन्नड व उर्दू बोलणारे लोक पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिले. त्यांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्यरचना एकमेकींच्या फार जवळ आल्या. गंपर्झ व विल्सन यांनी हे १९७१ साली एका निबंधात मांडले. क्रिओल भाषांवरील ज्या ग्रंथात तो आला, त्यातच मराठीच्या उगमावर साउथवर्थ यांचाही निबंध आहे. कुपवाडचा दाखला आज जगभरचे अभ्यासक देतात. घरात मराठी व रस्त्यावर क्रिओल बोलणाऱ्या आपल्या मॉरिशसवासीयांना तो विषय परका वाटणार नाही.

परंतु दुसरी बाजूही पाहावी. डॉ. अशोक केळकर यांनी १९५८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनी व रूपविचारावर प्रबंध लिहिला. नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. इंग्रजीत त्यांना जगभरचे वाचक होते. तरीही 'वैखरी', 'मध्यमा', 'रुजुवात' ही पुस्तके त्यांनी मराठीत लिहिली. 'रुजुवात'ला २०१० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जगातील मोठ्या सूच्या प्रामुख्याने इंग्रजी नियतकालिके मोजतात. मराठी पुस्तकाने मराठी शिक्षकाला दिलेली दृष्टी त्यांत कशी उतरणार? हा दोष तज्ज्ञांच्याही ध्यानी आला आहे. २०१५ सालच्या लायडन जाहीरनाम्यात स्थानिक भाषांतील व स्थानिक उपयोगाच्या संशोधनाला संरक्षण द्यावे, असे स्पष्ट म्हटले आहे.

आम्ही शाळेत गुण देतो, म्हणून आकड्याचा मोह आम्हाला ठाऊक आहे. गुणपत्रिका मुलाविषयी काही सांगते, सर्व सांगत नाही. म्हणून त्या विद्यार्थ्याला आम्ही कळवले : मुलीने सूची अवश्य पाहावी, पण निबंध स्वतः वाचून मगच गुरू निवडावा.

वाचकहो, आपल्यालाही एक काम आहे. आपल्या आजीच्या तोंडची मराठी, तिच्यात मिसळलेले क्रिओल शब्द, लग्नातली व स्वयंपाकघरातली बोली कोणी लिहून ठेवली आहे काय? प्रत्येक घराने एक वही करावी. शब्द, त्याचा अर्थ, बोलणाऱ्याचे गाव आणि तारीख एवढे लिहिले तरी पुरे. ती वही कोणत्याही सूचीत मोजली जाणार नाही. पण वहीच नसली, तर उद्या हर्नडनहून येणारी ती मुलगी दाखला तरी कशाचा देणार?